आईला काही नाही, ताईला आहे. मग माझं काय?

पत्र असं आहे:

'मॅडम, मी २७ वर्षांची आहे, पुण्यात बँकेत नोकरी करते. घर कोल्हापूरजवळ. माझ्या ताईला (वय ३१) बाळंतपणानंतर धाप लागायला लागली. आधी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या झाल्या, मग दमा म्हणून पंप झाला. दीड वर्षानं मुंबईत कॅथेटर घालून तपासणी केली तेव्हा पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब, निघालं. फुफ्फुसातला सरासरी दाब ५२ आहे म्हणाले. मग जनुकांची तपासणी झाली आणि बीएमपीआर२ नावाच्या जनुकात दोष निघाला. आमची मावशी ३४व्या वर्षी गेली. तिचं "हृदय मोठं झालं होतं" एवढंच घरात बोललं जायचं. पण आई ५८ वर्षांची आहे आणि आजही जोतिबाचा डोंगर न थांबता चढते. दोष आईकडून आला असेल तर आईला काहीच कसं नाही? मला होणार का? मी तपासणी करू का? माझं लग्न ठरत आलंय. काकू म्हणते, कुठे बोलू नकोस, मोडेल. मामा म्हणतो, नसा बंद झाल्यात तर अँजिओप्लास्टी करून टाका. एका नातेवाइकांनी "जनुकं जागी करणारी" पावडर आणून दिलीय, महिन्याला साडेचार हजारांची. ती ताईनं घ्यावी का? आईला रात्र रात्र झोप नाही. माझ्यामुळे झालं, म्हणते.'

रेवा (नाव बदललं आहे), पावडरीचं आधी उरकते. ताईला ती देऊ नकोस. त्या डब्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही, आणि ताईच्या औषधांतली काही यकृतावर ताण आणणारी असतात. त्यात अनोळखी मुळ्यांची भर नको. त्यातून, कुठलं जनुक जागं करायचं आणि कुठलं झोपवायचं हा या आजारातला खरोखरच अवघड प्रश्न आहे. जगभरची माणसं पंचवीस वर्षं त्याच्यामागे आहेत. तो साडेचार हजारांत सुटला असता तर मीच रांगेत पहिली उभी राहिले असते.

आता आईचं. तुझ्या पत्रातला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

बीएमपीआर२चा या आजाराशी असलेला संबंध २००० साली दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवून दिला. या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडलांकडची. त्यांच्यावरून एक प्रथिन तयार होतं आणि ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर जाऊन बसतं. यकृतात तयार होणारा बीएमपी९ नावाचा रेणू रक्तातून येतो आणि या प्रथिनाला चिकटतो. की लगेच पेशीच्या आत निरोप जातो. स्मॅड नावाची प्रथिनं तो थेट केंद्रकापर्यंत पोचवतात, आणि तिथे आयडी१सारखी काही जनुकं कामाला लागतात. या सगळ्या धडपडीचा अर्थ थोडक्यात एवढाच, की पेशींनो, आहात तशा राहा, विनाकारण वाढू नका आणि मरूही नका. फुफ्फुसातली वाहिनी आयुष्यभर पातळ आणि मऊ राहते ती या रोजच्या निरोपामुळे.

ताईकडे या जनुकाची एक प्रत बिघडलेली आहे. तुझ्या आईकडेही ती जवळजवळ नक्कीच आहे, कारण तिची सख्खी बहीण याच वाटेनं गेलेली दिसते. पण घरात दोघं कमावते असले आणि एकाची नोकरी गेली, तर घर चालेल की नाही हे दुसऱ्याचा पगार किती यावर ठरतं. आईची दुसरी, धडधाकट प्रत बहुधा भरपूर कमावते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गटानं २००९ साली अशाच घराण्यांतल्या माणसांच्या पेशी तपासल्या. दोष असूनही ज्यांना आजार झाला नव्हता, त्यांच्यात चांगल्या प्रतीचं काम आजारी नातेवाइकांपेक्षा जास्त जोरात चाललेलं आढळलं. दोष तोच, घराणं तेच, फरक पडला तो उरलेली प्रत किती वाचली जाते यात. जनुक असणं आणि जनुकानं काम करणं यांत एवढं अंतर असतं, आणि तुझी आई त्या अंतरात ५८ वर्षं ठणठणीत जगली आहे.

त्या चांगल्या प्रतीचा जोर कशानं कमी होतो? इथे बऱ्याच गोष्टी येतात आणि सगळ्यांचा हिशेब अजून लागलेला नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशीतल्या आपल्या ग्राहक-प्रथिनामार्फत या जनुकाच्या सुरुवातीच्या भागाशी जोडलं जाऊन त्याचं काम मंदावू शकतं. बायकांमध्ये हा आजार जास्त दिसण्यामागचं हे एक कारण मानतात. बाळंतपण हा शरीरावरचा मोठा ताण आहेच, आणि ताईला त्रास तेव्हाच सुरू झाला. अंगात रेंगाळणारी सूज आणि तिच्यासोबत वाढणारी आयएल-६सारखी रसायनं, दीर्घकाळ ऑक्सिजनची कमतरता, आणि काही औषधं. भूक मारण्याच्या गोळ्यांचा इतिहास तर फारच वाईट आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत अमिनोरेक्स नावाची गोळी लोकांनी बारीक होण्यासाठी घेतली आणि तिथे या आजाराची साथच आल्यासारखी झाली. पुढे फेनफ्लुरामिनचं तेच झालं, १९९७ साली ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावं लागलं. तुझं लग्न ठरतंय म्हणून मुद्दाम सांगते: कुणी 'महिन्यात पाच किलो' असलं काही आणून दिलं तर हात लावू नकोस. तुझ्यात दोष निघो वा न निघो.

आणखी एक गोष्ट आईला वाचून दाखव. ज्यांच्या बीएमपीआर२मध्ये काहीही बिघाड नाही, अशा रुग्णांच्या फुफ्फुसांतही हे प्रथिन कमी झालेलं आढळतं. जनुक शाबूत असूनही त्याचं काम मंदावतं आणि आजार होतो. तेव्हा 'माझ्यामुळे झालं' हा आईचा हिशेब विज्ञानातही बसत नाही. तिनं ताईला एक प्रत दिली, तीही न विचारता, न निवडता. पुढे त्या प्रतीचं काय झालं त्यात तिचा हात नाही.

'मग माझी चांगली प्रत किती काम करते ते मोजून टाका की,' असं तू म्हणशील. दवाखान्यात करता येईल अशी तशी तपासणी आज नाही. संशोधनात मोजतात, पण एका माणसाच्या बाबतीत त्यावरून निर्णय घेता येत नाही.

आता मामाची अँजिओप्लास्टी. मामाला हसू नकोस, प्रश्न रास्त आहे.

हृदयाच्या वाहिनीत अडथळा येतो तेव्हा तीन-चार मिलिमीटरच्या नळीत एखाद्या ठिकाणी चरबीचा थर साचलेला असतो. तिथे फुगा नेऊन फुगवला की रस्ता मोकळा. ताईच्या आजारात बिघाड आहे तो अर्ध्या मिलिमीटरहून बारीक धमन्यांत, आणि तोही दोन्ही फुफ्फुसांत सगळीकडे. फुगा नेणार कुठे? शिवाय आत काही साचून वाट बंद झालेली नाही, भिंतच आतल्या बाजूला वाढली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली अशा फुफ्फुसाची काच पाहिली की आधी डोळा फसतो. एवढी जाड भिंत आहे म्हणजे मोठी वाहिनी असणार, असं वाटतं. मग मोजपट्टी बघितली की कळतं, ही तर अगदी टोकाची, जिच्या भिंतीत स्नायू जवळजवळ नसायलाच हवेत अशी वाहिनी आहे. स्नायूचा थर जिथे नको तिथपर्यंत सरकलेला असतो, आतलं अस्तर थरावर थर चढून जाड झालेलं असतं, आणि मधली वाट कधी फटीएवढी राहते, कधी तेवढीही नाही. काही ठिकाणी अस्तराच्या पेशींनी गुंता करून त्यात वेड्यावाकड्या बारीक वाटा काढलेल्या दिसतात. हा गुंता एकदा पाहिलेला माणूस 'फक्त नस आवळली आहे' असं पुन्हा म्हणत नाही.

हे होतं कसं, तर आधी अस्तरातल्या पेशी मरतात. 'राहा तशा' हा निरोप नीट पोचत नसल्यामुळे थोड्याशा माऱ्यानंही त्या गळतात. जागा रिकामी होते, ती भरायला उरलेल्या वाढू लागतात, आणि त्यांतल्या काही अशा निघतात की त्या मरतच नाहीत. त्यांचं वागणं थोडंफार कर्करोगाच्या पेशींसारखं होतं. ऑक्सिजन हाताशी असूनही त्या साखर जाळण्याचा वेगळाच मार्ग धरतात. याचा अर्थ ताईला कॅन्सर आहे असा मुळीच नाही, हे पुसून जाणार नाही अशा शाईत लिहून ठेव, कारण इंटरनेटवर तुला हे वाक्य भलत्याच रूपात सापडेल. या पेशी फुफ्फुस सोडून कुठे पसरत नाहीत.

याच पेशींत बाकीच्या जनुकांचाही तोल जातो. वाहिनी आवळणारं एंडोथेलिन जास्त तयार होतं, आणि सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम व प्रोस्टासायक्लिन कमी पडतात. ताईच्या गोळ्या यावरच चालतात. बोसेंटान, अँब्रिसेंटान, मॅसिटेंटान ही एंडोथेलिनला अडवतात. सिल्डेनाफिल आणि टॅडालाफिल नायट्रिक ऑक्साइडच्या कामाला जोर देतात. (हो, तीच ती सिल्डेनाफिल. औषधाच्या दुकानात दाजी गेले आणि दुकानदार हसला तर सरळ प्रिस्क्रिप्शन पुढे करायचं.) प्रोस्टासायक्लिनच्या जागी देण्याची औषधंही आहेत. या सगळ्यांनी वाहिन्या सैल होतात, दम कमी होतो, आयुष्य वाढतं. पण भिंतीची वाढ त्यांनी फारशी मागे हटत नाही.

म्हणून सोटाटरसेप्टचं नाव तुझ्या कानावर आलं असेल किंवा येईल. बीएमपीआर२चा निरोप कमजोर झाला की पेशी वाढवणारा दुसरा निरोप, अ‍ॅक्टिव्हिन नावाच्या रेणूंचा, वरचढ होतो. हे औषध रक्तातच त्या अ‍ॅक्टिव्हिनला पकडून ठेवतं, म्हणजे तोल पुन्हा मधल्या काट्याकडे येतो. २०२३ साली त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आधीची औषधं चालूच असलेल्या ३२३ रुग्णांपैकी निम्म्यांना ते दिलं. २४ आठवड्यांनी त्यांचं सहा मिनिटांतलं चालणं दुसऱ्या निम्म्यांपेक्षा साधारण ४० मीटरनं जास्त भरलं. मार्च २०२४मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. दर तीन आठवड्यांनी त्वचेखाली टोचायचं असतं, हिमोग्लोबिन वाढणं, नाकातून रक्त येणं असे त्रास असतात, आणि ते फार महाग आहे. ४० मीटर ऐकायला थोडे वाटतात. ताईची सहा मिनिटांची चाचणी होईल तेव्हा तू बरोबर जा: तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन टोकांना दोन खुणा, बोटाला ऑक्सिमीटर, आणि घड्याळ धरून उभी असलेली सिस्टर. चौथ्या मिनिटाला ताई भिंतीला हात लावून थांबते का ते बघ. मग ४० मीटर म्हणजे काय ते तुझं तुला कळेल. हे औषध तिला योग्य आहे का, आणि तुमच्यापर्यंत ते कुठल्या वाटेनं येऊ शकतं, हे तिच्या डॉक्टरांशी बोल. कर्ज काढण्याआधी बोल.

मामा एका बाबतीत मात्र अगदीच चुकलेला नाही. पल्मनरी हायपरटेन्शनचा एक प्रकार जुन्या, न विरघळलेल्या गुठळ्यांमुळे होतो. त्यात फुग्यानं वाहिनी मोकळी करतात, शस्त्रक्रियेनं गुठळ्या काढतातही, आणि ती शस्त्रक्रिया जमली तर रुग्ण जवळपास बरा होतो. हा प्रकार नाही याची खात्री करायला व्ही-क्यू स्कॅन करतात, म्हणजे फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते पाहतात. ताईच्या फाइलमध्ये तो असायला हवा. जनुकात दोष सापडला म्हणून तो राहून गेला असेल तर विचारा.

आता तू.

बिघडलेली प्रत तुझ्याकडे आली असण्याची शक्यता निम्मी. आली असेल तर आयुष्यभरात आजार होण्याची शक्यता बायकांमध्ये साधारण ४२ टक्के, पुरुषांमध्ये १४ टक्के. हे आकडे व्हँडरबिल्टच्याच घराण्यांच्या नोंदींतले आहेत. म्हणजे आज, काहीही तपासलेलं नसताना, तुला हा आजार कधीतरी होण्याची शक्यता पाचात एकच्या आसपास. पाचातल्या चार वेळा काहीच होणार नाही. काकूला हा आकडा सांगू नकोस, तिला त्यातला एकच ऐकू येईल. आणि हा धोका काही एका रात्रीत समोर उभा राहत नाही. फ्रान्समध्ये दोष असलेल्या पण धडधाकट माणसांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा वर्षाला शंभरात सुमारे दोघांना आजार झालेला दिसला.

तपासणी करावी का? माझं मत विचारतेस तर करावी, पण या महिन्यात नाही आणि लग्नाच्या बैठकीआधी घाईनं तर नाहीच. आधी ताईचा रिपोर्ट नीट वाचून घे. त्यात सापडलेल्या बदलापुढे काय लिहिलंय ते महत्त्वाचं. 'पॅथोजेनिक' किंवा 'लाइकली पॅथोजेनिक' असेल तर तो आजाराला कारण आहे असं धरायचं. 'व्हीयूएस' असेल, म्हणजे अर्थ निश्चित न झालेला बदल, तर त्याच्या आधारे तुझी तपासणी करण्यात काही अर्थ नाही. पहिला प्रकार असेल तर तुझ्या रक्तात फक्त तेवढा एकच बदल शोधायचा असतो. त्यासाठी सगळ्या जनुकांचं महागडं पॅनेल लागत नाही, कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नकोस. थुंकी पाठवा आणि वंशावळ, त्वचा, टक्कल सगळं सांगतो म्हणणारे किट तर या कामाचे नाहीतच. जनुकीय समुपदेशकाला आधी भेट, निकाल कसाही आला तरी त्याचं काय करायचं ते ठरव आणि मग रक्त दे. आरोग्य विमा नसेल तर त्याचाही विचार तपासणीआधी कर. फॉर्ममध्ये जे विचारलंय त्याचं उत्तर खरंच लिहायचं, खोटं लिहिलंस तर पुढे क्लेम अडकतो. आणि तपासणी नकोच, असं तू ठरवलंस तर तोही तुझा हक्क आहे. मग आपल्यात दोष आहे असं धरून वर्षातून एकदा दाखवत राहायचं, एवढंच.

त्या वार्षिक तपासणीत काय असतं? धाप, चक्कर, पायावर सूज यांची चौकशी, ईसीजी, एनटी-प्रोबीएनपी ही रक्ताची तपासणी, फुफ्फुसांची वायू शोषण्याची क्षमता, आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. निकालात दोष नाही आला तर हे सगळं बंद. इकोबद्दल एक सांगून ठेवते, कारण निम्मे घाबरलेले फोन त्यावरूनच येतात. इकोवर दाबाचा अंदाज येतो, मोजमाप होत नाही. 'माइल्ड पीएच' (पीएच म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन) असं लिहिलेला कागद म्हणजे निदान नाही. निदान उजव्या हृदयात कॅथेटर घालूनच होतं, आणि सरासरी दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या वर गेला तरच या आजाराचं नाव घेतात. धडधाकट माणसाचा तो १४च्या आसपास असतो. दुसऱ्या बाजूनं, फुफ्फुसात वाहिन्या इतक्या मुबलक असतात की निम्म्याहून अधिक निकामी होईपर्यंत बसल्या जागी दाब वाढत नाही. म्हणून दोन जिने चढून नेहमीपेक्षा जास्त धाप लागली किंवा चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वर्ष संपायची वाट बघू नकोस. ताईचं दीड वर्ष रक्तवाढीच्या गोळ्यांत गेलं, तुझं जायला नको.

आईची तपासणीही व्हावी असं मला वाटतं, तिला पटलं तर. दोष तिच्याकडूनच आला हे पक्कं झालं की तुमच्या वडलांकडची सगळी मंडळी या काळजीतून सुटतात. आणि मग मामाला गंभीरपणे विचारावं लागेल, कारण तो तिचा सख्खा भाऊ आहे. त्याच्याकडेही ही प्रत असू शकते. तो स्वतः ठणठणीत असला तरी त्याच्या मुलींकडे ती गेलेली असू शकते. मावशीची मुलं असतील तर ती पहिल्यांदा. घरात ही गोष्ट अँजिओप्लास्टीच्या सल्ल्याबरोबर फिरतेच आहे, तर ती नीट फिरू दे.

लग्न. काकू म्हणते बोलू नको. मी म्हणते बोल, पण काकूला जी भीती आहे ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे मुलीच्या घरातल्या आजाराची चौकशी होते आणि मुलाच्या घरात तीन पिढ्या साखरेच्या गोळ्या खात असल्या तरी कुणी विचारत नाही, हे मी रोज बघते. म्हणून बोलायचं ते सगळ्या गावाशी नाही. ज्याच्याशी लग्न करायचंय त्याच्याशी, साखरपुड्याआधी, तू स्वतः. मध्यस्थामार्फत नाही. बहिणीला काय झालंय, ते घराण्यात आहे, माझ्याकडे असण्याची शक्यता निम्मी आहे, मी तपासणीचा विचार करते आहे. एवढं पुरे. पत्रिका, दोष, शांत असले शब्द कुणी काढले तर तू काढू नकोस. त्यानं दोन दिवस वेळ मागितला तर दे. त्यानं आईला विचारून सांगतो म्हटलं, तर तेही एक उत्तरच आहे.

मुलांचा प्रश्न तो विचारेल किंवा तू स्वतःच विचारशील. तुझ्यात दोष निघाला आणि आजार नसला तर गरोदरपण वर्ज्य नाही, पण त्याआधी पूर्ण तपासणी हवी आणि त्या काळात लक्ष ठेवायला हवं. प्रत्येक मुलाकडे ती प्रत जाण्याची शक्यता पुन्हा निम्मी. ती टाळायची असेल तर टेस्ट ट्यूबच्या मार्गानं गर्भ तपासून ठेवण्याची सोय आहे. खर्चाची आणि मनाला थकवणारी आहे, पण आहे.

ताईची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती थांबण्यासारखी नाही. तिला पुन्हा दिवस जाता कामा नयेत. या आजारात गरोदरपण जिवावर बेतू शकतं, शिवाय एंडोथेलिन अडवणाऱ्या गोळ्यांनी गर्भात व्यंग येतं. बोसेंटान चालू असेल तर संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या नीट काम करत नाहीत, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या तिला तशाही नकोत. दाजींची नसबंदी हा सगळ्यात सोपा आणि बिनधोक मार्ग आहे. दाजी का कू करतील, तरी विषय काढ. तिचं लोह तपासून घ्या, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी द्या. नवस बोलला असाल तर जोतिबाला आई जाईल. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, ताईला तिथे न्यायचं नाही. बरं वाटतंय म्हणून गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत.

आणि हे आजच घरात सगळ्यांना सांग: ताईच्या छातीत दुखलं तर शेजारच्या आजोबांची सॉर्बिट्रेट तिच्या जिभेखाली ठेवायची नाही, ती नायट्रेटची गोळी आहे. सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल चालू असताना नायट्रेटची गोळी पोटात गेली की रक्तदाब धाडकन कोसळतो. तिच्या औषधांची यादी आणि त्याखाली 'नायट्रेट देऊ नये' असं ठळक लिहून एक कागद तिच्या पर्समध्ये ठेव, एक दाजींच्या पाकिटात, आणि एक फ्रिजच्या दारावर लाव.